अपेंडिक्सवर भांडण्याआधी बायोप्सीचा रिपोर्ट तरी घेऊन या

सध्या आमच्याकडे अपेंडिक्सवरून दोन प्रकारचे फॉरवर्ड फिरतायत. पहिला म्हणतो की युरोपातल्या डॉक्टरांनी सिद्ध केलंय, अपेंडिक्स काढलं की अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा होणारा जुनाट आजार, होत नाही, तेव्हा कुठल्याही निमित्ताने पोट उघडलंच तर लगेहात ते पण उडवून टाका, नाहीतरी त्याचा उपयोग काय. दुसरा म्हणतो की देवाने कुठलाही अवयव उगाच दिलेला नाही, अपेंडिक्स गेलं की आतड्याची प्रतिकारशक्ती गेली आणि क्रोन्ससारखे (हाही आतड्याच्या सुजेचाच जुनाट आजार) आजार मागे लागले म्हणून समजा, तेव्हा सर्जनच्या नादी लागू नका, काढा घ्या, लंघन करा. दोन्ही बाजूंना दहा-दहा अंगठे, आणि मजा म्हणजे दोन्ही बाजू अभ्यासांचाच हवाला देतात. माझं म्हणणं आत्ताच सांगून टाकतो. हे सगळं भांडण ऑपरेशनवर चाललंय आणि ते अभ्यास मुळात सुजेबद्दल बोलतायत. धडधाकट अपेंडिक्स काढून कुणाचा कोलायटिस टळला असा पुरावा नाही, आणि सुजलेलं अपेंडिक्स वेळेवर काढल्यामुळे कुणाला क्रोन्स लागला असाही ठोस पुरावा नाही. या दोघांच्या मधे एक छोटा गट आहे, ज्यांना कोलायटिस आधीच झालेला आहे अशांचा, त्यांच्यासाठी मात्र खरंच काहीतरी नवीन हाताला लागलंय आणि या गलक्यात नेमकं तेच कुणाला ऐकू जात नाहीये.

मी डॉक्टर नाही. सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरला बसतो, त्यामुळे अपेंडिक्स हा अवयव मी बहुतेक वेळा डबीतच बघितलाय. पद्धत अशी असते की ऑपरेशन झालं की नातेवाइकाच्या हातात एक छोटी प्लास्टिकची डबी देतात, आत फॉर्मेलिन, त्यात करंगळीएवढा तो तुकडा, वर चिकटपट्टीवर पेनाने नाव-वय, आणि सांगतात जा लॅबला देऊन या. मग मामा नाहीतर मेव्हणा ती डबी गाडीच्या डिकीत घालून येतो, काउंटरवर ठेवतो आणि हमखास विचारतो, "काढलं की आता, यात बघायचं काय राहिलंय?" पैसे भरतो, रिपोर्टला चार-पाच दिवस लागतील म्हटलं की मान हलवतो आणि पुष्कळ जण परत फिरकतच नाहीत. रिपोर्ट फाइलला पडून राहतो. त्या कागदावर एकच गोष्ट प्रामुख्याने लिहिलेली असते, ती म्हणजे अपेंडिक्स खरोखर सुजलेलं होतं की नव्हतं. आणि मी वर म्हटलेल्या सगळ्या अभ्यासांचा जीव याच एका ओळीत अडकलेला आहे, म्हणून एवढं पाल्हाळ.

आता मूळ पुरावा बघू, कारण पहिल्या फॉरवर्डवाल्यांचं सगळंच खोटं नाही, उलट त्यांची सुरुवात भक्कम आहे. १९९४ मध्ये बेल्जियममधल्या लुव्हेनच्या डॉक्टरांनी कोलायटिसच्या १७४ पेशंटांची चौकशी केली तर अपेंडिक्स काढलेला माणूस निघाला फक्त एक. ज्यांना कोलायटिस नाही अशा तुलनेच्या गटात हेच प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या आसपास होतं. एक टक्क्याहून कमी आणि पंचवीस टक्के! असा फरक दिसला की कुणीही खुर्चीतून उठेल. नंतर वेगवेगळ्या देशांत तसंच चित्र दिसत गेलं. पण असल्या अभ्यासात आजारी माणसाला मागचं विचारून तुलना केलेली असते, त्याच्या मर्यादा असतात, म्हणून स्वीडनवाल्यांनी त्यांच्याकडच्या सरकारी नोंदी उघडल्या. १९६४ ते १९९३ या काळात पन्नाशीच्या आत अपेंडिक्स काढलेले २,१२,९६३ लोक, आणि तेवढेच तुलनेला. २००१ मध्ये निकाल छापून आला. कोलायटिसचा धोका खरंच कमी दिसला, पण कुणाचा? ज्यांचं अपेंडिक्स सुजलेलं किंवा फुटलेलं होतं, किंवा पोटातल्या लसिकाग्रंथी सुजलेल्या होत्या, आणि ऑपरेशन वयाच्या विशीच्या आत झालं होतं, त्यांचा. ज्यांचं नुसतं पोट दुखतंय म्हणून अपेंडिक्स काढलं आणि आत सूज निघालीच नाही, त्यांना फायदा शून्य. कापलं दोघांनाही सारखंच, टाके दोघांनाही सारखेच, मग एकाला फायदा आणि दुसऱ्याला नाही असं का?

२००९ मध्ये डेन्मार्क आणि स्वीडन दोघांनी मिळून हेच पुन्हा तपासलं, या वेळी सात लाखांहून जास्त लोक. पुन्हा तेच. विशीच्या आत खरोखरचं अपेंडिसायटिस, म्हणजे अपेंडिक्सची सूज, झालेल्यांमध्ये कोलायटिसचं प्रमाण साधारण निम्म्यावर, आणि सूज नसताना काढलेल्यांमध्ये काही फरक नाही. म्हणजे कापण्यात जादू असती तर ती सगळ्यांना लागू पडली असती. ती पडत नाही. मग एक शंका अशी येते की ज्या शरीरात लहान वयात अपेंडिक्स सुजतं, त्या शरीराची प्रतिकारशक्तीच वेगळ्या घडणीची असेल, आणि त्याच घडणीमुळे त्याला पुढे कोलायटिस कमी होत असेल. अपेंडिसायटिस हे त्या घडणीचं चिन्ह, कोलायटिस न होणं हेही त्याच घडणीचं फळ, आणि ऑपरेशन मधल्यामधे श्रेय घेऊन गेलं.

ही शंका तपासायची कशी? डेन्मार्कवाल्यांनी तेही केलं, आणि मला हा अभ्यास सगळ्यात आवडतो. २०१७ मध्ये त्यांनी ७१ लाख लोकांच्या नोंदी घेऊन विचारलं की ज्यांच्या सख्ख्या नात्यात कुणाला विशीच्या आत अपेंडिसायटिस झालं, त्या नातेवाइकांना कोलायटिस कमी होतो का? तर होतो. फरक थोडाच आहे, दहा टक्क्यांच्या आसपास, पण ज्या घरात कोलायटिस आधीपासून आहे तिथे तो जास्त उठून दिसतो. भावाचं पोट कापल्याचा फायदा बहिणीला कसा मिळेल? नात्यातून येतात ते जीन्स, नाहीतर घरातलं खाणंपिणं आणि जंतू, कापलेलं अपेंडिक्स काही वाटून घेता येत नाही.

मागे पूर्व भागातल्या एक मावशी मोठ्या पोराची डबी घेऊन आल्या होत्या, सोबत धाकटा, असेल नववी-दहावीत, सारखा मोबाइलमध्ये. त्यांनी अगदी व्यवहाराने विचारलं, "दादा, ह्याचं पण काढूनच घ्यावं का आताच, सुट्ट्या पण लागल्यात, म्हणे पुढं आतड्याचं काही होत नाही." त्या वेड्या नव्हत्या, त्यांनी फॉरवर्ड वाचला होता आणि त्याचा सरळ अर्थ लावला होता. पण वरचे अभ्यास मानले तर उत्तर सरळ आहे की, धाकट्याचं अपेंडिक्स ठीक असेल तर ते काढून त्याला काही मिळणार नाही, आणि घरातल्या घडणीचा जो काही थोडाफार फायदा असेल तो ऑपरेशनशिवायच त्याच्या पदरात आहे. मी त्यांना एवढंच म्हटलं की डॉक्टरांना विचारा आणि नसेल दुखत तर कशाला. त्यांनी मोठ्याचा रिपोर्ट मात्र न्यायला यायचं कबूल केलं आणि आल्या, हे विशेष.

अजून एक उदाहरण देतो, आपल्याकडे ते जास्त पटेल. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये अल्सरेटिव्ह कोलायटिस कमी आढळतो. ही अफवा नाही, जगभर पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट आहे, आणि त्याच तंबाखूने क्रोन्सचा धोका मात्र वाढतो. आता सोलापूर म्हणजे विड्या वळणाऱ्या बायकांचं गाव, कुंभारीला त्यांच्या घरकुलांची अख्खी वसाहत उभी आहे. मग या आकड्यावरून कुणी पोराच्या हातात विडी देईल का, घे बाळा, कोलायटिस होणार नाही? नाही देणार, कारण सगळ्यांना कळतं की एका आजाराचा आकडा खाली आला म्हणून ती गोष्ट औषध होत नाही. तंबाखूच्या बाबतीत हे शहाणपण आपसूक येतं आणि सर्जरीच्या बाबतीत कुठं जातं? ऑपरेशन थिएटरच्या हिरव्या कपड्यांचा दबदबाच असा आहे की तिथे झालेलं काहीही आपल्याला इलाजच वाटतं.

आता विरोधी बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा, तो टाळून चालणार नाही. पहिला भाग उंदरांचा. १९९६ मध्ये, कोलायटिस होईल अशी जनुकीय रचना केलेल्या उंदरांचं अपेंडिक्सच्या जागचं टोक लहान वयात काढलं तर बहुतेकांना कोलायटिस झालाच नाही, म्हणजे तिथे कापण्याचाच परिणाम दिसला. दुसरं, स्वीडनमध्येच अलीकडे लहानपणी अपेंडिसायटिस झालेल्या मुलांचा जो मोठा अभ्यास झाला त्यात ऑपरेशन झालेल्यांमध्ये धोका स्पष्ट कमी होता आणि नुसत्या औषधावर बरं केलेल्यांमध्ये तितका स्पष्ट नव्हता. आणि तिसरं, सगळ्यात मोठं, ते म्हणजे अ‍ॅक्युअर नावाची ट्रायल. नेदरलँड्स, आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये झाली, निकाल २०२५ मध्ये आला. ही मागच्या नोंदी चाळून केलेली नाही, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून केलेली खरी चाचणी आहे. कोलायटिस असलेले पण सध्या आजार शांत असलेले दोनशेच्या आसपास पेशंट, अर्ध्यांचं अपेंडिक्स दुर्बिणीतून काढलं आणि औषधं चालू ठेवली, अर्ध्यांना नुसती औषधं. वर्षभरात आजार उलटला तो औषधवाल्यांपैकी ५६ टक्क्यांमध्ये आणि अपेंडिक्स काढलेल्यांपैकी ३६ टक्क्यांमध्ये. हे लहानसहान नाही. ज्यांना महिन्या-दोन महिन्यांनी दिवसातून दहा-दहा वेळा रक्ताचे जुलाब होतात, ज्यांनी स्टिरॉइड खाऊन चेहरा सुजवून घेतलाय, त्यांना विचारा वीस टक्क्यांची किंमत.

मग मी आडवा का येतोय? या ट्रायलला येतच नाहीये, तिच्या नावाने जे विकलं जातंय त्याला येतोय. ती ट्रायल झाली ती आजार असलेल्या मोठ्या माणसांवर. निरोगी पोराला कोलायटिस होऊ नये म्हणून काय करावं हा तिचा प्रश्नच नव्हता. आजार झालेला पण सध्या शांत असताना अपेंडिक्स काढलं तर आग पुन्हा भडकणं कमी होतं का, हे तिने विचारलं, आणि उत्तर होय असं दिसतंय. ज्या घरात आग नाही तिथे भिंत पाडून ठेवली तर पुढे आग लागणार नाही, असा त्याचा अर्थ कुठून निघाला? शिवाय अपेंडिक्स काढलेल्यांपैकीही ३६ टक्क्यांना वर्षाच्या आत पुन्हा त्रास झालाच, औषधं कुणाची सुटली नाहीत, आणि हा निकाल एका वर्षाचा आहे तर आजार आयुष्यभराचा. याआधीच्या काही अभ्यासांत तर उलटंही दिसलंय, आजार झाल्यानंतर अपेंडिक्स काढलेल्यांमध्ये मोठं आतडं काढावं लागण्याचं प्रमाण कमी झालं नाही, आणि अपेंडिक्स काढलेल्या कोलायटिसच्या पेशंटांमध्ये पुढे आतड्याच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसल्याचीही नोंद आहे. त्याचं कारण कदाचित असंही असेल की आजार शांत झाल्यामुळे मोठं आतडं जागेवर राहतं, माणूस निवांत होतो आणि दुर्बीण तपासणी चुकवतो. म्हणून पोटाच्या डॉक्टरांशी बसून, स्वतःच्या आजाराचा इतिहास पुढ्यात ठेवून बोलण्याची ही गोष्ट आहे. उंदरांबद्दल एवढंच की ते एका ठरावीक जनुकीय बिघाडाचे उंदीर होते. आणि स्वीडनच्या त्या नव्या अभ्यासात औषधावर बरे झालेले मुळात कमी, तेवढ्यावरून दोन गटांत खात्रीचा फरक काढता येत नाही. तरी मी मान्य करतो की कापण्याचाही काहीएक वाटा असू शकेल, ते दार बंद झालेलं नाही. पण तो वाटा असलाच तर सुजलेल्या अपेंडिक्सबाबत आहे, धाकट्याच्या ठणठणीत अपेंडिक्सबाबत नाही.

जरा साधा हिशोब करू. लुधियानाच्या डॉक्टरांनी पंजाबात घरोघरी जाऊन केलेली पाहणी २००३ मध्ये छापून आली, त्यात अल्सरेटिव्ह कोलायटिसचं प्रमाण निघालं लाखात साधारण ४४. समजा आपल्याकडेही तेवढंच आहे. समजा अजून असंही की सगळ्यांचं अपेंडिक्स काढून तो धोका निम्मा झाला, जो होत नाही हे वर बघितलं, पण समजा. म्हणजे लाखभर पोरांना भूल द्यायची, पोटाला भोकं पाडायची, त्यातल्या काहींना जखमेत पू होणार, काहींची आतडी पुढे चिकटून अडकणार, आणि त्या बदल्यात एखाद्या घडीला वीस-बावीस पेशंट कमी दिसणार. कुठल्या हिशोबात बसतं हे? पॅकेजच्या हिशोबात बसेल, दुसऱ्या कुठल्याच नाही.

आणि असले हिशोब मेडिकलच्या इतिहासात याआधी झालेत, तेही मोठमोठ्या लोकांकडून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये सर आर्बथनॉट लेन नावाचे सर्जन होते, हाताला प्रचंड कौशल्य, राजघराण्यापर्यंत नाव. त्यांच्या डोक्यात बसलं की बद्धकोष्ठामुळे आतड्यात विष साठतं आणि त्यातून सगळे रोग होतात, म्हणून ते लोकांचं मोठं आतडंच काढून टाकायचे किंवा बायपास करायचे, नुसत्या बद्धकोष्ठासाठी. त्याच काळात मेचनिकॉफ, १९०८ चं नोबेल मिळालेला माणूस, मोठं आतडं माणसाला घातकच आहे असं सांगत होता, फक्त त्याचा उपाय होता आंबवलेलं दूध, म्हणजे आपल्या दही-ताकाचाच भाऊ. दोघांचं निदान सारखंच चुकीचं, पण एकाच्या पेशंटला ताक प्यावं लागलं आणि दुसऱ्याच्या पेशंटला पोट फाडून घ्यावं लागलं. चूक होणारच असेल तर कुठली परवडते ते तुम्हीच सांगा.

टॉन्सिलचं उदाहरण तर अजून बोलकं आहे. १९३४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये शाळेतली अकरा वर्षांची हजार मुलं तपासली. त्यातल्या ६११ जणांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ शाळेच्या डॉक्टरांना दाखवली, त्यांनी १७४ जणांचे काढा म्हणून सांगितलं. जी २१५ ठीक ठरली ती दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवली, आधी कुणी तपासलंय हे न सांगता, त्यांनी त्यातल्या ९९ जणांना ऑपरेशन सांगितलं. राहिलेली ११६ तिसऱ्या डॉक्टरांकडे, त्यांनी ५१ जणांना. शेवटी हजारात ६५ पोरं अशी उरली ज्यांना कुणीच काढा म्हणालं नव्हतं. दर वेळी जवळजवळ निम्म्यांना काढा, समोर कुठलीही पोरं असू देत! टॉन्सिल बघून निर्णय होत नव्हता, टॉन्सिल निरुपयोगी आहेत हे आधीच ठरलेलं असल्यामुळे होत होता.

आणि लांब न्यूयॉर्कला कशाला जायचं. शेजारच्या मराठवाड्यात, बीडमध्ये, ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांचं काय झालं ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, पाहणी झाली, ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, त्यात कमी वयाच्या बायकाही. तिथे काय सांगितलं जात होतं? मुलं झाली की आता, पिशवीचा उपयोग काय, उगाच कॅन्सर होईल, काढून टाका. आज अपेंडिक्सच्या फॉरवर्डमधलं वाक्य तेच आहे, फक्त अवयव बदललाय आणि कॅन्सरच्या जागी कोलायटिस घातलाय. मी असं म्हणत नाही की सोलापुरात कुणी तसा धंदा मांडलाय, मला तसं काही माहीत नाही. पण उपयोग नाही आणि पुढे धोका आहे ही जोडी कुठे ऐकू आली की पेशंटने कान टवकारायला पाहिजेत एवढं तरी बीडने शिकवायला हवं होतं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, देवाने दिलंयवाल्यांकडे, कारण त्यांना वाटेल हा आपलाच माणूस आहे. त्यांचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. डार्विनने १८७१ मध्ये अपेंडिक्सला निरुपयोगी अवशेष म्हटलं, ते आज कुणी तसंच्या तसं मानत नाही. अपेंडिक्सच्या भिंतीत प्रतिकारशक्तीच्या पेशी भरलेल्या असतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या लोकांनी मांडलं की जोराचे जुलाब होऊन आतडं धुऊन निघालं की चांगले जंतू अपेंडिक्सच्या कोपऱ्यात टिकून राहतात आणि तिथून पुन्हा वस्ती करतात. ज्या गावात नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं आणि उन्हाळ्यात जुलाबाची साथ नवीन नाही, तिथे ही कल्पना पटायला काय वेळ लागतो. पण आहे ती कल्पनाच, आणि जगात लाखो लोक अपेंडिक्सशिवाय मजेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी पचवतायत हेही तेवढंच खरं आहे.

क्रोन्सचा मुद्दा मात्र सरळ गैरसमजाचा आहे. होय, अपेंडिक्स काढलेल्यांमध्ये क्रोन्स जास्त निघतो असं जुन्या अभ्यासांत दिसलं होतं. मग २००७ मध्ये त्याच डेन्मार्क-स्वीडनच्या नोंदींवरून बघितलं की तो कधी निघतो, तर जादा केसेसचा मोठा भाग ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांतला, पुढे आकडा उतरत जातो. याचा अर्थ काय होतो? छोट्या आतड्याचं शेवटचं टोक आणि अपेंडिक्स शेजारी-शेजारी, उजवीकडे खाली. क्रोन्स बहुतेकदा तिथेच सुरू होतो. उजवीकडे दुखतंय म्हणून अपेंडिक्स समजून काढलं, दुखणं राहिलंच, मग पुढच्या तपासणीत खरा आजार सापडला. आजार आधीच होता, ऑपरेशनने तो आणला नाही. आपल्याकडे तर यात तिसरा भिडू असतो, आतड्याचा टीबी, तोही त्याच कोपऱ्यात बसतो आणि क्रोन्ससारखाच दिसतो, इतका की कितीतरी जणांना आधी टीबीचा कोर्स दिला जातो आणि फरक पडला नाही की मग क्रोन्सचं नाव निघतं. इथेही पुन्हा डबीतला तुकडा बोलतो. टीबीच्या किंवा क्रोन्सच्या खुणा कधीकधी त्या अपेंडिक्समध्येच मायक्रोस्कोपखाली दिसतात, फक्त रिपोर्ट कुणीतरी न्यायला आणि डॉक्टरांना दाखवायला पाहिजे.

या बाजूच्या सल्ल्यातला खरा धोका वेगळाच आहे. पोट दुखतंय, साफ होत नसेल म्हणून एरंडेल पाजतात, वरून शेक देतात. अपेंडिक्स सुजलेलं असताना जुलाबाचं औषध दिलं तर ते फुटण्याचा धोका वाढतो, हे मेडिकलचा पोरगा पहिल्या पोस्टिंगला शिकतो आणि आपल्या घरात आजी अजून चमचा घेऊन उभी असते. ऑपरेशन टाळायचंच असेल तर त्याचा खरा मार्ग अँटिबायोटिकचा आहे, फिनलंडमध्ये ५३० पेशंटांवर तशी चाचणी झाली, २०१५ मध्ये पहिला निकाल आला, अँटिबायोटिकवर ठेवलेल्यांपैकी २७ टक्क्यांना वर्षाच्या आत ऑपरेशन लागलं आणि पाच वर्षांत ३९ टक्क्यांना. म्हणजे निम्म्याहून जास्त लोक पाच वर्षं सुटले. पण ते सगळे सीटी स्कॅन करून, फुटलेलं नाही याची खात्री करून, दवाखान्यात ठेवून. घरी काढा पिऊन नाही. आणि कोलायटिस टळेल म्हणून अँटिबायोटिक नको, कापाच, असं कुणी म्हणत असेल तर तेही तितकंच अर्धवट, आजच्या दुखण्याचा निर्णय आजच्या दुखण्यावरच घ्यायला पाहिजे.

मला खरी चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. एवढी एनर्जी अपेंडिक्सवर खर्च होतेय आणि ज्याला खरोखर कोलायटिस आहे तो आपल्या शहरात कुठे असतो? तो मूळव्याधीच्या बोर्डाखाली बसलेला असतो. शौचातून रक्त म्हणजे मूळव्याध, हे इतकं पक्कं बसलंय की माणूस वर्षानुवर्षं मलम, चूर्ण, एका इंजेक्शनात कायमचा आराम यातच फिरत राहतो. लाज वाटते म्हणून घरी सांगत नाही, बायका तर अजिबातच नाही. हिमोग्लोबिनला येतात तेव्हा सात-आठ निघतं, आम्ही विचारतो रक्त कुठून जातंय का, खाली बघतात. शौचाची कॅलप्रोटेक्टिन नावाची टेस्ट असते, आतड्यात सूज आहे का त्याचा अंदाज देते, महाग आहे पण कोलोनोस्कोपीला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीला, घाबरणाऱ्याला निदान तिथपर्यंत तरी नेता येतं. ज्यांना चार-सहा आठवडे रक्त-आव पडतेय, रात्री उठून जावं लागतंय, वजन उतरतंय, त्यांनी मूळव्याध समजून बसू नये, मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी करून घ्यावी. अ‍ॅक्युअरचा फायदा ज्यांना मिळू शकतो ते हेच लोक, आणि त्यांना आपल्याला कोलायटिस आहे हेच माहीत नाही!

ज्यांचं निदान झालेलं आहे आणि गोळ्या घेऊनही आजार वरचेवर उलटतोय, त्यांनी पुढच्या वेळी आपल्या पोटाच्या डॉक्टरांना सरळ विचारावं की या नव्या ट्रायलमध्ये माझ्यासारखा पेशंट बसतो का, माझं आतडं सध्या शांत आहे का, किती भागाला आजार आहे, काढलं तरी कोलोनोस्कोपी दर किती वर्षांनी. डॉक्टर नको म्हणाले तर का नको तेही विचारावं. आणि ज्यांचं अपेंडिक्स याआधीच काढून झालंय त्यांनी लॅबमध्ये जाऊन जुना रिपोर्ट मागावा, पावती हरवली असली तरी तारीख आणि नाव सांगितलं की बऱ्याच ठिकाणी रजिस्टरमध्ये सापडतं, आमच्याकडे तरी सापडतं.